आत्याचं घर, कागदावर गोठा

माझी आत्या ज्या खोलीत राहत होती तिला घर म्हणायचं की गोठा, यावरून आमच्या कुटुंबात जे झालं ते अजून मिटलेलं नाही. आता आत्या नाही, मोठे काकाही गेले. उरलेत माझे वडील, आणि त्यांना हा विषय काढलेला आवडत नाही.

आमचा पाडा पनवेलच्या कडेला होता. तिन्ही बाजूंनी नव्या वसाहतीच्या इमारती चढत गेल्या आणि मधे आमची कौलारू घरं दडपल्यासारखी राहिली. शेती माझ्या जन्माआधीच संपादनात गेली होती. शेत नाही म्हटल्यावर गुरं पोसायची कशावर? ती विकली. घर, अंगण आणि अंगणाच्या टोकाचा रिकामा गोठा एवढंच शिल्लक राहिलं. आत्याच्या नवऱ्याने दुसरी बायको आणली तेव्हा आत्या माहेरी परत आली, आणि मोठ्या काकांनी तिला तो गोठा दिला. घरात जागा नव्हती असं नाही. पण परत आलेली बहीण ओटीवर दिसायला नको होती.

आत्याने तक्रार केली नाही. ती पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकायची. त्यातून तिने हळूहळू गोठ्याचं घर केलं. गव्हाण काढून तिथं ओटा बांधला, शेण-मुताने भिजलेली जमीन उकरून कोबा घातला, एका भिंतीला खिडकी पाडली, वर नवे पत्रे टाकले. आम्ही तेव्हा खांदा कॉलनीत राहायचो. वडील कंपनीत होते, आई सतत आजारी. सुट्टी लागली की मला आत्याकडे पाठवायचे. जवळ्याचा वास, भिंतीवरचा टिकल्या चिकटवलेला आरसा, दारातली तुळस, हे सगळं मला आमच्या फ्लॅटपेक्षा जास्त आपलं वाटायचं.

मी कॉलेजात होते त्या सुमारास पालिकेची फेरआकारणी निघाली. म्हणजे घरपट्टीसाठी प्रत्येक बांधकाम नव्याने मोजायचं आणि कोणत्या प्रकारात बसतं ते ठरवायचं. स्लॅबचं की कौलांचं की पत्र्याचं. राहायला की दुकानाला की गोदामाला की गुरांना. मालक स्वतः राहतो की भाडेकरू. दोन माणसं आली, एकाच्या हातात टेप, दुसऱ्याच्या हातात पॅड. त्या दिवशी वडीलही पाड्यावर आले होते, अंगणात बाजेवर बसून पेपर वाचत होते.

मोठं घर मोजून ती माणसं आत्याच्या दारात गेली.

"विटांची भिंत, वर पत्रा," टेपवाला म्हणाला. "वापर?"

"गोठा," मोठे काका म्हणाले.

आत्या आत भाकऱ्या थापत होती. ती पिठाच्या हातांनीच दारात आली. पॅडवाल्याने तिच्याकडे पाहिलं.

"या कोण?"

"भईन माजी. गुरांचा आंबोन शिजवाया येते इथं."

"गुरं कुठायत?"

"चराया गेलीत."

पाड्याभोवती तेव्हा सिमेंटशिवाय चरण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. पॅडवाल्यालाही ते दिसत असणार. पण दुपार झाली होती, त्याला अजून बरीच घरं करायची होती. त्याने लिहिलं आणि ते पुढं गेले.

आत्या पिठाचे हात तसेच धरून अंगणात आली. "दादा, मी जनावर हाय काय?"

"कागदावर हाय गं ते," मोठे काका म्हणाले. "गोठ्याला पट्टी कमी लागते. तुजा काय कमी झाला त्याच्यान?"

"माजी चूल हाय तिथं. माजा आंथरून हाय. आन तू सांगतं, गुरां रातान?"

मोठे काका घरात गेले. आत्याने माझ्या वडलांकडे पाहिलं. ते तिचे धाकटे भाऊ, तिच्या कडेवर वाढलेले. त्यांनी पेपर खाली केला नाही. "दादाने विचार करूनच सांगितलं असेल," ते म्हणाले. "एवढ्यासाठी तोंड कशाला वाजवायचं?"

त्या दिवशीची भाकरी आत्याने मला वाढली, स्वतः खाल्ली नाही.

पुढं पालिकेने जाहीर केलं, ज्यांना आकारणी मान्य नसेल त्यांनी हरकत घ्यावी. आत्याने मला बोलावून घेतलं. "तू शिकलेली हायस, मना लिवून दे." मी लिहून दिलं. तिने अंगठा उठवला आणि आम्ही दोघी जाऊन अर्ज देऊन आलो. महिन्याभराने सुनावणी लागली.

पालिकेत बाहेरच्या बाकांवर दुकानदार, चाळमालक, फ्लॅटवाले, सगळे पट्टी कमी करून घ्यायला आलेले. आतले साहेब पन्नाशीचे होते, सकाळपासून तेच तेच ऐकून वैतागलेले. त्यांनी आत्याचा अर्ज वाचला, मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही मालक आहात?"

"नाय."

"मग हरकत कशी घेता?"

"मी रातंय तिथं."

"बाई, गोठ्याचं घर केलं तर पट्टी वाढेल. इथं लोक कमी करायला येतात. तुम्ही वाढवून मागताय?"

"हो," आत्या म्हणाली. "वाढली तर मी भरीन. पन तिथं मानूस रातंय, आसा लिवा."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मालक म्हणून नोटीस मिळाल्याने मोठे काका आणि माझे वडीलही आले होते, त्यांना आत बोलावलं. मोठ्या काकांनी शांतपणे सांगितलं, बहीण झोपायला मोठ्या घरात असते, गोठ्यात तिचं थोडं सामान आहे इतकंच. खोटं बोलताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. साहेब माझ्या वडलांकडे वळले.

"तुम्ही सांगा. या तिथं राहतात की नाही?"

ते फक्त 'हो' म्हणाले असते तरी पुरलं असतं. माझ्या वडलांनी बुटांकडे पाहिलं. "दादा घरचा कर्ता आहे. तो सांगेल ते."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. एखाद्या गिऱ्हाईकाचा चेहरा ओळखीचा वाटतो पण आठवत नाही, तसं.

"मी स्वतः येऊन बघतो," साहेब म्हणाले आणि दिवस सांगितला.

त्या दिवशी मी कॉलेज बुडवून सकाळी आत्याबरोबर बाजारात गेले. माल लवकर आवरून आम्ही पाड्यावर परतलो, तर आत्याची ट्रंक, अंथरूण, डबे अंगणात फेकलेले. खोलीत म्हैस उभी होती. मोठ्या काकांनी कुठल्या तरी तबेल्यातून आणलेली. खिडकीच्या गजाला दोरीने बांधली होती. कोब्यावर शेण पडलं होतं, आणि ओट्यावर राहून गेलेल्या पिठाच्या डब्यात तिने तोंड घातलं होतं.

मला वाटलं आत्या आता ओरडेल, शिव्या देईल. बाजारात ती कुणाला ऐकायची नाही. पण तिने बादली भरून आणली आणि म्हशीपुढे ठेवली. म्हैस घटाघटा पाणी प्यायली. "उनातून चालवत आनलीय तिला," आत्या म्हणाली. मग सामानाशेजारी, अंगणात, ट्रंकेवर जाऊन बसली.

साहेब आले. मोठे काका हसतमुखाने पुढं झाले, "या साहेब, बघा, म्हस हाय का नाय." साहेब दारात उभे राहिले. ओटा पाहिला, मांडणीवरची भांडी पाहिली, आरसा, कॅलेंडर, दोरीवरची लुगडी पाहिली. मोठ्या काकांना घाईत ते काढायचं सुचलं नव्हतं.

"रोज इथंच बांधता?"

"रोज."

"खुंटा दिसत नाही."

तिथंच उभं राहून साहेबांनी लिहिलं: निवासी वापर, भोगवटादार, म्हणजे तिथं राहणारी, म्हणून आत्याचं नाव. जाताना फक्त मोठ्या काकांना म्हणाले, "म्हैस परत करून या."

आत्या जिंकली, असं मला वाटलं. त्या दुपारी आम्ही दोघींनी कोबा धुतला. मी बडबडत होते, ती ऐकत होती. रात्री मी खांदा कॉलनीत घरी आले तेव्हा वडील आणि आई जेवत होते. मी चपला काढत होते, त्यांना कळलं नव्हतं. वडील आईला सांगत होते, "आता बिल्डर अडून बसणार. तिचं नाव लागलं ना. म्हणेल, हिची सही आणा, हिलाही काहीतरी द्या."

मी दारातच थबकले. पट्टीचा प्रश्न नव्हताच. मोठं घर पाडून इमारत बांधायचं दोघा भावांचं ठरलं होतं. वाटे ठरले होते. जमिनीवरचा हक्क आत्याने फार वर्षांपूर्वी, संपादनाचे पैसे आले तेव्हाच, अंगठा देऊन सोडला होता. बहिणी सोडतातच, असं तिला सांगितलं होतं. तिथं ती राहते एवढीच एक गोष्ट आडवी येत होती. गोठ्यात कुणी राहत नाही म्हटलं की तीही मिटत होती. आणि हे माझ्या वडलांना पेपर वाचतानाही माहीत होतं, बुटांकडे बघतानाही माहीत होतं.

मी त्या रात्री जेवले नाही. आईने कारण विचारलं, वडलांनी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात आत्याच्या खोलीकडे जाणारी विजेची तार कापली गेली. अंगणातल्या नळाला कुलूप लागलं. चुलतभावाच्या हळदीला सगळ्या पाड्याला बोलावलं, आत्याला नाही. ती खोलीत कंदील लावून बसली आणि अंगणात बँजो वाजत राहिला. शेजारच्या बायका दिवसा तिच्याशी बोलायच्या, पण काकांची चाहूल लागली की पदर सारखा करून निघून जायच्या.

शेवटी मोठ्या काकांनीच निरोप धाडला. इमारतीत खालच्या मजल्यावर एक खोली देऊ. अट एकच, ती भावाच्या मेहेरबानीने राहते, असं लिहून द्यायचं. मला वाटलं, ती घेईल. नाहीतर एवढं भांडली कशाला?

"खोली नको होती मना," ती म्हणाली. "मी तिथं रातंय, एवढा लिवाया पायजे होता. ता साहेबानी लिवला."

तिने एका टेम्पोत सामान भरलं आणि बाजारामागच्या गल्लीत भाड्याची खोली घेतली. ती गेल्यावर दुसऱ्याच दिवशी तिचे पत्रे उतरवले. मी पाहायला गेले नाही.

भाड्याची खोली अंधारी होती, पण आत्या तिथं बरी रमली. बाजार दोन पावलांवर होता. घरमालक किराणा दुकानदार, तोंडाचा गोड. काही वर्षांनी पुन्हा आकारणीवाले फिरायला लागले तेव्हा तो तिला म्हणाला, "मावशी, कोणी विचारलं तर सांगायचं, मी यांची सख्खी मावशी. भाडेकरू म्हटलं की पट्टी चढते."

हे मला सांगताना आत्या खूप दिवसांनी हसली. "सख्खा भाव बोलतो, गोठा हाय. आन परका बोलतो, मावशी हाय."

"मग काय सांगणार?"

"भारा देतंय ना मी? तर भारेकरू."

आणि तसंच तिने सांगितलं. घरमालकाने महिन्याअखेर खोली खाली करायला लावली. गोडच बोलून.

तोवर माझं लग्न झालं होतं आणि मी पुन्हा खांदा कॉलनीतच राहायला आले होते. मी तिला घेऊन आले. माझ्या सासूबाईंना मासळीचा धंदा करणारी बाई घरात आवडली नाही. त्यांनी तसं कधी म्हटलं नाही, पण तिचं ताट वेगळं धुतलं जायचं. आत्याला ते कळत होतं. तिने बाजार सोडला, गुडघे साथ देत नाहीत असं कारण सांगून. दिवसभर गॅलरीत बसायची. माझी मुलगी झाली तेव्हा तिला मांडीवर घेऊन हळदीची जुनी गाणी म्हणायची. तेवढाच वेळ तिचा आवाज पूर्वीसारखा लागायचा.

वडील पाड्यावर उठलेल्या त्या नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले. आमच्याकडे सणावाराला यायचे, आत्यासमोर बसायचे, तब्येत विचारायचे. ती 'बरी हाय' म्हणायची. पालिकेतल्या त्या दिवसाबद्दल दोघं एक अक्षर बोलले नाहीत. मी वाट बघायचे, की ते आज काहीतरी म्हणतील. चहा पिऊन ते निघून जायचे.

आत्या झोपेत गेली. सकाळी मी फोन केला तेव्हा वडील लगेच आले. मोठे काका आले नाहीत, त्यांनी मुलाला पाठवलं. वडील तिच्या पायाशी उभे राहिले. मग मला म्हणाले, "लहानपणापासून अशीच. हट्टी. शब्द खाली पडू द्यायची नाही."

"तुम्ही त्या दिवशी एक शब्द बोलला असतात तर तिला हट्ट करावा लागला नसता," मी म्हणाले.

खोलीत सासूबाई होत्या, शेजारच्या दोघी होत्या. खाली तिरडी बांधायला सुतळी कमी पडतेय, असं कुणीतरी जिन्यातून ओरडलं. वडलांनी खिसे चाचपले आणि सुतळी आणायला म्हणून ते जिना उतरून गेले.