नाव कमी करण्याचा अर्ज

सुपडूआप्पा गेल्याचं मला सुरतच्या पांडेसऱ्यात, आमच्या साड्या रंगवायच्या मिलच्या गेटवर कळलं. सकाळची पाळी भरत होती. फोल्डिंग खात्यातला, साड्यांच्या घड्या घालणारा एक जण म्हणाला, "आप्पा खाडीकाठच्या वाटेवर बसले ते उठलेच नाहीत." मला वाटलं, बसले असतील, रोजच बसतात. लिंबायतहून पांडेसऱ्यापर्यंत चालत येणारा, साठीला टेकलेला माणूस वाटेत एकदा तरी टेकणारच... त्या दिवशी मी बापाला रडावं तसा रडलो. आज महिन्याने लिहायला बसलो, तर रडू कुठल्या कुठे गेलंय आणि राग तेवढा उरलाय. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. मला जमेल तेवढं लिहितो.

आप्पा पारोळ्याकडचे, मी अमळनेरकडचा. मी मॅट्रिक होऊन सुरतेत आलो तेव्हा गल्लीत सरकारी भाषेत मराठी अर्ज लिहू शकणारा एकच माणूस होता, तो म्हणजे हे आप्पा. दारात खाट, मांडीवर परीक्षेला नेतात तसलं पुठ्ठ्याचं पॅड, निळ्या शाईचं पेन. पोरीच्या शाळेचा दाखला असो, सासरी धाडायचं पत्र असो, आप्पा आधी चहा मागवणार, मग चष्मा पुसणार, मग विचारणार, "हं, सांग. खरं खरं सांग. खोटं असलं ते मना हातखाल उतरस नही." खोटं असेल तर ते त्यांच्या हातातून उतरत नाही, असं स्वतःच सांगायचे. आम्ही ते खरं मानलं.

चौऱ्याण्णवच्या प्लेगाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आमच्या भागात एक पुढारी उगवला. निवडणुकीची हवा होती. मिलला जायचं म्हणजे शटल रिक्षाच्या मागे लोंबकळायचं, एक पाय आत, एक बाहेर; बायकांचे तर हालच. पुढाऱ्याने दोन जुन्या बस आणून चौकात उभ्या केल्या आणि खुर्चीवर चढून सांगितलं, "जो सूरत का रहेवासी, उसके लिए बस फ्री. आज ये दो, कल पूरे शहर में." पास फक्त रहिवाशाला. रहिवासी कोण? ज्याचं रेशनकार्ड सुरतचं. आमची सगळ्यांची कार्डं गावची, थोरल्या भावांच्या नाहीतर बापांच्या कार्डावर आमची नावं. इथलं कार्ड हवं तर तिथून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा.

गल्ली बिचकली. नाव कापायचं म्हणजे काय गंमत आहे? पण आप्पा पुढे झाले. म्हणाले, "अरे, वीस वर्षं इथलं पाणी पितो आपण. इथं आपण कोण? भाडेकरू? बस फुकट मिळते म्हणून नाही रे, आपल्याला या शहराचं म्हणतायत म्हणून घ्यायची." तीन रविवार खाट अंगणात आली. चाळीस घरांचे अर्ज आप्पांनी एकट्याने लिहिले. प्रत्येकाच्या शेवटी एकच ओळ, त्यांच्या वळणदार अक्षरात: 'अर्जदार आता सुरत शहराचा कायमचा रहिवासी झाला असल्याने गावच्या कार्डावरून त्याचे व कुटुंबाचे नाव कमी करावे.' माझा अर्ज वाचून दाखवताना त्यांचा आवाज भरून आला होता. मी खाली वाकून पाया पडलो.

बस सुरू झाली आणि आमची ऐट काय विचारता! खिडकीशी बसून मिलला जायचो. पुठ्ठ्याच्या पासावर फोटो, खाली 'रहिवासी'. आप्पा मात्र चालतच. विचारलं तर म्हणायचे, "माझी जागा एखाद्या बाईला होईल. मला चालायची सवय आहे." बस त्यांना वाटेत गाठायची तेव्हा आम्ही खिडकीतून ओरडायचो, "आप्पा, निदान चपलांचा तरी पास काढा!" ते हसून हात हलवायचे. घरी आम्ही पोरांना सांगायचो, माणूस असावा तर असा.

मतदार यादीत नावं चढली. पंधरा दिवसांनी एक बस नादुरुस्त झाली, मग दुसरी, मग पुढारी भेटेनासा झाला. पुन्हा रिक्षाचं लोंबकळणं. लोक आप्पांच्या दारात जमले. आप्पा खाली मान घालून म्हणाले, "मनं बी नाव गयं ना, भाऊ. मी तरी काय करू?" त्यांचंही नाव गेलंय म्हटल्यावर कोण काय बोलणार? उलट आम्हीच त्यांना चहा पाजला.

पुढच्या वर्षी प्लेग आला. सुरत रिकामी झाली. मी बायकोपोरांना घेऊन भुसावळच्या गाडीत कसाबसा घुसलो आणि गाव गाठलं. सुरतेहून आलेल्यांना सगळीकडेच बाहेर ठेवत होते, त्याचं वाईट वाटलं नाही. आम्ही खळ्यातल्या झोपडीत राहिलो. आठवडाभराने, कोणी आजारी नाही हे दिसल्यावर, मी घरात यायचं विचारलं. दादा उंबऱ्यात उभा होता. रागाने नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "तू आते सुरतना शेस. नाव तूच कापं ना?" रॉकेलच्या दुकानदारानेही दादाचं कार्ड उलटून तेच सांगितलं: तुम्ही आता सुरतचे, तुमचं नाव इथं नाही. महिनाभर माझी पोरं खळ्यात काटक्यांच्या चुलीवरचं खाऊन राहिली. तेव्हापासून गावी गेलो की वहिनी मला पाहुण्याचं ताट वाढते. पाट, तांब्या, आग्रह... सगळं पाहुण्याचं.

परत आल्यावर हे आप्पांना सांगितलं. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "मलाही खळ्यातच ठेवलं रे." त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली. आपल्यासारखा आणखी एक आहे, याचा केवढा आधार असतो.

आता आप्पा गेल्यावर, त्यांचे दिवस झाल्यावर, जिजींनी, त्यांच्या बायकोने, मला बोलावलं. गावच्या कार्डावरून आप्पांचं नाव कमी करायचं होतं, मयत म्हणून. "भाऊ, आते तुम्हीच लिखा," म्हणाल्या, आणि ते पॅड माझ्या मांडीवर ठेवलं. चिमट्यात कोऱ्या कागदांखाली कार्ड होतं. पारोळा तालुक्याचं. सुपडू, त्यांची बायको, दोन्ही मुलं. एकाही नावावर रेघ नव्हती.

मी विचारलं, "जिजी, आप्पांनी नाव कापलं नव्हतं?"

त्यांना यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. "नही ना. त्यासले गावनी भीती नही व्हती, सुरतनी व्हती. म्हणेत, आठे आपलं काय शे?" इथं सुरतेत आपलं काय आहे, असं आप्पा घरात म्हणायचे.

"आणि प्लेगात? खळ्यात होतात ना तुम्ही?"

"चार रोज. मंग घरमाच व्हतूत."

म्हणजे पास त्यांना मिळणारच नव्हता. म्हणून ते चालत होते. बाईला जागा वगैरे काही नाही. ज्या शहरावर स्वतःचा काडीचा भरवसा नव्हता, त्या शहराचे कायमचे रहिवासी त्यांनी आम्हाला करून टाकलं. पुढारी परका होता, त्याने फसवलं तर मी त्याला शिव्या देऊन मोकळा झालो. आप्पा, तुम्हाला मी काय म्हणू? तुमच्या पाया पडलो होतो मी. बस बंद झाल्यावरही तुम्ही चालत राहिलात, रिक्षाला पैसे असूनही, मरेपर्यंत. ती शिक्षा होती का? असेल. पण आमच्यापैकी कोणी ती मागितली नव्हती. तुम्ही आम्हाला फक्त खरं सांगायला हवं होतं, तेही त्या तीन रविवारांपैकी एका रविवारी.

ते पॅड आता माझ्या घरी आहे. 'विषय: नाव कमी करणेबाबत' एवढं लिहून झालंय. जिजींनी दोनदा निरोप पाठवला, मी दोनदा उद्या म्हणालो. राग आहे तसाच आहे. रोज संध्याकाळी पेन काढतो, कार्ड उघडतो... आमच्या सबंध गल्लीत गावच्या कार्डावर राहिलेलं हे एकच घर आहे, आणि त्यातलं हे पहिलं नाव. आप्पांनी चाळीस घरांची नावं कापली. मला हे एक कापवत नाही.