गच्चीवरची वरमाला

मुलीच्या लग्नात मला एकच काम मिळालं, तेही लग्न लागल्यानंतरचं. विहारात वंदना झाली, हार घातले, जेवणं उरकली आणि निघायच्या गडबडीत तिने गळ्यातला गुलाब-शेवंतीचा हार काढून माझ्या हातात ठेवला.

"पापा, इसको सुखाकर रखना, अगली बार ले जाऊँगी. मम्मी को मत देना, वो फ्रिज में डाल देगी."

इकडे हिंदी मुलखातच वाढलेली; तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

घरातल्या कुठल्याही वस्तूसाठी बायकोला डावलून माझी निवड व्हायची ही पहिलीच वेळ. मी लगेच मोबाइलवर फुलं सुकवण्याचा व्हिडिओ लावला. त्यातल्या बाई हार टांगा म्हणाल्या, तेवढ्यावर आपल्याला सगळं कळलं असं वाटून मी तो बंद केला आणि हार गच्चीवर, कपड्यांच्या तारेला टांगला. चांगलं कडक ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आलो तर बायको जिन्यातच उभी.

"अहो, वर काय लटकवून ठेवलं?"

"पोरीचा हार सुकवून राहिलो."

"सुकवून राहिले का रंगवून राहिले? पाहून तर या!"

शेवंती उन्हाने भुरकी पडली होती आणि गुलाबांवर काळी, चमकणारी पूड बसली होती. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यांकडून वारं सुटलं की आमच्या गच्चीवर ही येतेच. मी तिकडच्याच एका कारखान्यात कामाला. ही धूळ रोज कॉलरवर घेऊन घरी येतो. मुलगी लहान असताना माझ्या स्कूटरच्या सीटवरच्या धुळीत फुलं काढायची आणि काळं झालेलं बोट माझ्याच शर्टाला पुसायची. तिचं शिक्षण, तिचं लग्न, ही गच्चीसुद्धा त्याच कारखान्याच्या पगारातली. एवढं सगळं असून हार टांगताना धूळ तेवढी आठवली नाही.

"कारखान्यात मी जातो का तुम्ही?" बायकोने विचारलं.

"ते जाऊ दे. पोरीले काय सांगू आता? तिनं मलेच दिला होता ना हार."

माझं तोंड पाहून ती आत गेली आणि न विचारता माझा दाढीचा ब्रश घेऊन आली.

दिवाणावर पेपर पसरून आम्ही बसलो. मी फूल धरायचो, ती पाकळीपाकळीवरून कोरडा ब्रश फिरवायची. वरच्या पाकळ्या गळाल्या, आतल्या निघाल्या लालच. शेवंती गेली, ओंजळभर गुलाब वाचले. या वेळी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. 'सावलीत, धुळीपासून लांब,' बाई केव्हाच्या सांगत होत्या. मग चाळलेली कोरडी वाळू बिस्किटाच्या डब्यात भरली, गुलाब तिच्यात पुरले आणि डबा बायकोच्या साड्यांमागे ठेवला. लग्नाच्या धावपळीत आम्हाला दोघांना असं निवांत बसायला मिळालंच नव्हतं. खरं सांगतो, त्या संध्याकाळी मला धुळीचा रागही आला नाही.

मुलगी आली तेव्हा डबा तिच्यापुढे ठेवून मी सगळं सांगून टाकलं. ती वाळू हळूच बाजूला करत एकेक गुलाब काढत राहिली. एकाच्या कडेला ब्रशलाही न जुमानलेली काळी रेघ होती. तो तिने तळहातावर घेतला.

"पापा, ये वाला सबसे ऊपर रखूँगी."

मग त्या रेघेवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि सरळ माझ्या शर्टाला पुसलं.

"आता हा शर्ट तुम्हीच धुवा," बायको म्हणाली.

अजून धुतला नाही.