जमीरकाकांनी करून न दिलेली सीडी

जमीरकाका तांबोळी कॉम्प्युटर दुरुस्तीला घेताना काय बिघडलंय हे विचारत नसत. "यात काय आहे?" असं विचारत. गिऱ्हाईक कंपनीचं नाव सांगू लागलं, की म्हणत, "ते डब्यावर लिहिलंय, मला वाचता येतं. आत काय आहे?" मग माणूस जरा गोंधळायचा आणि खरं सांगायचा. वडिलांच्या आवाजातली भजनं. मुलीचा अर्धा प्रबंध. काका ते कागदाच्या पट्टीवर लिहीत आणि पट्टी डब्याला चिकटवत. कसबा पेठेतल्या त्यांच्या दुकानाच्या एका बाजूला तांब्याची भांडी ठोकणारे होते, दुसऱ्या बाजूला वह्यांची बांधणी चालायची. मधल्या दहा फुटांत पट्ट्या लावलेले हे डबे एकावर एक.

आमच्या डब्यावरच्या पट्टीवर त्यांनी लिहिलं: ताईंची पत्रकं.

ताई म्हणजे माझी आई. महापालिकेच्या दवाखान्यात तिने परिचारिका म्हणून नोकरी केली आणि उरलेल्या वेळात वीस वर्षं पत्रकं लिहिली. बिबवेवाडीतल्या आमच्या वस्तीला पाणी का येत नाही, रेशन दुकानदार काय देत नाही, विहारातली अभ्यासिका संध्याकाळी उघडी का हवी. मी वाचायला शिकले ती या पत्रकांच्या चुकलेल्या प्रतींवर. ती सगळी त्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होती आणि दुसरीकडे कुठेही नव्हती. वाटलेली पत्रकं कोण जपून ठेवतं? एके सकाळी काळ्या पडद्यावर 'फाइल सापडत नाही' अशा अर्थाची एक ओळ आली आणि तो पुढे जाईना. आई चार दिवस रोज तो डबा बंद-चालू करून पाहत राहिली. पाचव्या दिवशी म्हणाली, "जाऊ दे, झालं ते झालं." आईला 'जाऊ दे' म्हणताना मी पहिल्यांदा ऐकत होते.

एका चकचकीत दुकानाने तो डबा उघडूनही न पाहता भंगारात द्यायला सांगितलं होतं. त्यामुळे काकांच्या दुकानात मी तावातच शिरले. वस्तू मुद्दाम म्हाताऱ्या केल्या जातात, गरिबाच्या घरातलं यंत्र हे कचराच ठरवलेलं आहे, हे सगळं त्यांना ऐकवलं. काकांनी चष्मा पुसला. "बरोबर आहे तुझं. संपलं की सांग, तोवर चहा मागवतो."

मी गप्प झाल्यावर त्यांनी समजावलं. बिघाड बहुधा सुरुवातीच्या फायलींत आहे, पत्रकं आत शाबूत असणार. हार्डडिस्क तशीच ठेवून, कॉम्प्युटर चालवणारी छोटी प्रणाली एका सीडीवर घ्यायची, तिच्यावरून तो सुरू करायचा, आत शिरायचं, पत्रकं बाहेर आणायची, मग दुरुस्तीला हात घालायचा.

"मग द्या ना ती सीडी करून," मी म्हणाले.

"नाही. तू करायचीस."

"तुमच्याकडे ढीगभर असतील."

"आहेत. त्या माझ्या आहेत."

हा त्यांचा रिवाज होता. साठीची बाई असो नाहीतर दुकानदार, ज्याचा कॉम्प्युटर त्याने आपली सीडी स्वतः करायची. काका शेजारी बसून सांगणार, माउसला हात लावणार नाहीत. पुढे आईने त्यांना कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, "ताई, मी दिलेली सीडी लोक टीव्हीखाली ठेवतात आणि विसरतात. स्वतः केलेली कपाटात ठेवतात."

मी घरी जाऊन ती प्रणाली पेनड्राइव्हवरच घेतली आणि दुसऱ्या दिवशी ऐटीत तो घेऊन आले. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला. "छान आहे. पण हा डबा जन्मला तेव्हा पेनड्राइव्हवरून उठायचं त्याला कुणी शिकवलं नाही. सीडी म्हणालो होतो मी. आणि आत जे घालशील तेही त्याच्या वयाला झेपेल असं घे, आजकालचं जड नको."

तिसऱ्या दिवशी सीडी नेली. घातली. कॉम्प्युटर घरघरला आणि पुन्हा तीच काळी ओळ. काकांनी सीडी आपल्या कॉम्प्युटरमध्ये टाकून पाहिली आणि हसले, मोठ्याने नाही, मिशीतल्या मिशीत. मी इंटरनेटवरून उतरवलेली एकुलती एक मोठी फाइल जशीच्या तशी सीडीवर ठेवली होती.

"अगं, ही बांधून ठेवलेली बिर्याणी आहे. तू डबा न सोडता ताटात ठेवलास आणि म्हणतेस जेवा."

ती फाइल सीडीवर नुसती ठेवायची नसते. तिच्यातून सीडी घडवण्याचा वेगळा पर्याय असतो. काकांनी तो बोटाने दाखवला, हात मागे घेतला. मी सर्वांत जास्त वेग निवडला. "सावकाश लिही. घाईत लिहिलेलं जुन्या ड्राइव्हला वाचता येत नाही." मग कॉम्प्युटर चालू होतानाच एक बटण दाबून निळ्या पडद्यात शिरायला लावलं. तिथे यंत्र आधी कुठे पाहील याचा क्रम असतो. हार्डडिस्क वर होती, सीडी खाली. मी सीडी वर घेतली. "बघ," काका म्हणाले, "त्याला तुझे विचार कळत नाहीत. क्रम कळतो."

दोन मिनिटांनी पडद्यावर साधा राखाडी रंग आला आणि त्यावर एक बाण. मी उडीच मारली. काकांनी बंद करायला लावलं. पुन्हा. आणखी एकदा. तिसऱ्यांदा बाण दिसल्यावर म्हणाले, "आता ही तुझी. तारीख टाक तिच्यावर."

आईचं फोल्डर सापडलं. चारशेच्या आसपास फायली. एकदा सुरू झाल्यावर डबा पेनड्राइव्हही ओळखत होता, म्हणून मी त्या त्यावर घेतल्या आणि लॅपटॉपवर उघडून पाहिल्या, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा. काकांनी वाकून पाहिलं. "मजकूर आणलास, फॉन्ट तिथेच राहिला. तो त्या काळचा फॉन्ट आहे, तुझ्या लॅपटॉपला कुठून माहीत?" फॉन्टची फाइल तेवढी आणून घातली आणि चिवड्याचं एकदम आईचं मराठी झालं.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेले. तोवर काकांनी बिघडलेली फाइलही बदलून घेतली होती, अर्थात माझ्याच हातून. आई स्टुलावर बसली आणि एकेक पत्रक उघडत गेली. रडली वगैरे नाही. "इथे 'निवेदन' दोनदा झालंय," एवढंच म्हणाली. तिच्या खांद्यामागून काकाही वाचत होते.

"ताई, हे पाण्याचं. आलं का मग पाणी?"

आईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "आलं. दोन वर्षांनी."

"आणि रेशनचं?"

"तो दुकानदार बदलला. नवा थोडा बरा होता."

काका बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "प्रत्येकात शेवटी आहे. कुठल्या वारी जायचं, कुठला कागद न्यायचा, कुणाला भेटायचं."

"नाहीतर लोक येणार कसे?" आई म्हणाली.

मधल्या काळात मीही एक पत्रक लिहून काकांच्या टेबलावर ठेवलं होतं. जुनी यंत्रं फेकायला लावणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध. भाषेवर मी खूश होते. त्यांनी ते काढून माझ्या हातात दिलं. "दोनदा वाचलं. यात सीडी कशी करायची ते कुठे आहे?"

ते कुठेच नव्हतं. मला राग आला, आणि आई पडद्याकडे पाहत हसू दाबत होती म्हणून जास्तच आला. आठवडाभर मी त्या गल्लीत फिरकले नाही. घरी आईची पत्रकं तारखेप्रमाणे लावत बसले. चारशे पत्रकं सलग वाचल्यावर मात्र स्वतःचं पत्रक पुन्हा वाचवेना.

यंदा काकांनी दुकान बंद केलं. गुडघे कुरकुरतात, मुलगी हडपसरला राहते, तिच्याकडे निघाले. शेवटच्या दिवशी ते पट्ट्या काढलेले डबे लोकांना परत देत होते. मी नवं पत्रक घेऊन गेले. कागदाच्या मागच्या बाजूला सगळं होतं: कोणती फाइल उतरवायची, कुठला पर्याय निवडायचा, वेग किती, क्रम कसा बदलायचा. शेवटी दर रविवारी सकाळी आमच्या अभ्यासिकेत या, कोरी सीडी घेऊन या, सीडी तुम्हीच कराल, मी शेजारी बसेन. पुढच्या बाजूचा, व्यवस्थेविरुद्धचा जुना मजकूर मी खोडून आणला होता, फक्त पहिला परिच्छेद खोडायचा राहिला होता. त्यासाठी पेन हातातच होतं.

काकांनी उभ्या उभ्या सगळं वाचलं. मग माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि स्वतःच्या खिशाला लावलं.

"एवढा राग राहू दे," ते म्हणाले. "तो वाचूनच तर माणूस पान उलटेल."