हद्दीपलीकडचा पांढरा कागद

परंड्याच्या आमच्या निजामी शाळेत भिंतीवर एकच नकाशा होता. त्यात निजामाची रियासत हिरवी रंगवलेली, गावांची नावं उर्दूत, आणि हद्दीपलीकडं नुसता पांढरा कागद. माझं आजोळ बार्शीला. सकाळी बैलगाडी जुंपली की संध्याकाळी तिथं पोचायचो. पण बार्शी इंग्रजांच्या मुलखात. मी विचारलं, "मास्तर, बार्शी कुठंय?" मास्तरांनी छडी आपटली. "हद्दीबाहेरचं विचारायचं न्हाय." आजोळी जाऊन येत असूनही हळूहळू मलाही वाटायला लागलं, की करोडगिरीच्या नाक्यावर आमची गाठोडी सोडून जकात घेतात, तिथं जगच संपतं. असलं खूळ पोरांच्या डोक्यात भरणाऱ्या त्या नकाशाचा मला अजून संताप येतो.

मग इंग्रज गेले, निजाम मात्र राहिला, आणि सरहद्दीवरची गावं जळायला लागली. वडलांनी आईला नि मला गाडीत बसवून बार्शीला धाडलं. "घर राखतो, चार दिवसांत येतो," म्हणाले. महिने गेले, ना ते आले ना निरोप. मामानं मला तिथल्या शाळेत घातलं. वर्गात सोलापूर जिल्ह्याचा नकाशा होता आणि त्यावर बार्शी ठळक होती. मी धावत जाऊन परंडा शोधायला लागले. जिल्ह्याची हद्द संपली, पुढं पांढरा कागद.

"परंडा कुठंय?" मी ओरडले.

हे मास्तर छडी आपटणारे नव्हते. मायेनं म्हणाले, "पोरी, ते आपल्यात येत नाही."

त्या कोऱ्या जागेवर मी तळहात दाबून धरला. तिथंच कुठंतरी माझे वडील होते.