एका रुपयाचा बाक

फणसवाडीतल्या कांतामावशींचे गुडघे भाजी घेऊन येताना वाडीच्या तोंडाशीच संप पुकारतात. घर तिथून हाकेच्या अंतरावर, पण तेवढ्यासाठीही गुडघ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. समोर अभयशेठचं कापडाचं दुकान आहे. त्याच्या पायरीवर मात्र कुणी टेकत नाही. कुणी बसू नये म्हणून त्याचे वडील तिच्यावर सारखं पाणी शिंपडत, ती सवय लोकांना अजून आहे.

"इथे बाक हवा," मावशींनी जाहीर केलं. ओळखीचा सुतार जुना सागवानी बाक हजारात द्यायला तयार झाला.

अभयशेठ लगेच म्हणाला, "मावशी, सगळे मी देतो. फक्त पाठीवर बाबांचं नाव टाकू. कै. लावून."

"नको रे बाबा! त्यांनी जन्मभर कुणाला बसू दिलं नाही. आता त्यांच्या नावावर टेकले, तर वरून बादली ओततील."

शेठ रुसला. मावशींनी नियम केला, माणशी एकच रुपया. जास्त घेतला की नाव आलं, नाव आलं की मालक आला.

कडीचा डबा घेऊन मावशी निघाल्या. वाडी संपली, ओळखीचे संपले, मग रस्त्यावरचे अनोळखी. हल्ली सुटा रुपया असतो कुणाकडे? जो तो विचारी, "आजी, स्कॅनर आहे?"

"स्कॅन गुडघ्याचं आहे. दाखवू?"

लोक हसत आणि पर्सचे कोपरे धुंडाळत. एका टायवाल्याने दयेने दहाचं नाणं टाकलं, तर मावशींनी त्याला उभं करून नऊ रुपये परत दिले. "वर्गणी आहे, भीक नव्हे. इथनं जाल तेव्हा बसून जायचं." पुढच्या आठवड्यात तो बायकोला घेऊन आला, तिचा रुपया टाकायला.

मावशींचे यजमान दत्ताराम खूश. "हजार माणसांशी बोलायचंय तिला. एरवी ते सगळं मी एकटा ऐकायचो!"

होळीच्या सुमारास अभयशेठ दुकानातून उतरला. एक रुपया टाकला, मग दुसरा पुढे केला. "हा बाबांचा."

मावशींनी जरा विचार केला. "टाक. पण सांग त्यांना, सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून बसावं लागेल."

शेवटी बाक आला. पाठ कोरी, कुणाचंच नाव नाही. दुसऱ्या दिवशी मावशी दोन पिशव्या घेऊन वाडीच्या तोंडाशी पोचल्या, तर बाक गच्च भरलेला.

"उठा रे मेल्यांनो! माझे गुडघे गेले!"

"मावशी, आमचाही रुपया आहे!" वाडीतली सुचित्रा बाकावरून ओरडली. पण म्हणता म्हणता ती उठली, तिच्यामागे सगळेच उठले. मावशी ऐसपैस बसल्या. पाय लांब केले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. बाक एकदम फारच मोठा वाटायला लागला.

"उभे काय राहिलात? बसा की! एकटी बसून काय भिंतीशी बोलू?"

तासाभराने दत्तारामांचा फोन आला. भाजी कुठाय?

"बसलीय," मावशी म्हणाल्या, "माझ्या शेजारी."