पत्र्यावरची गोधडी

आमचं घर भांडुपच्या टेकडीवर. खाली एक खोली, वर पोटमाळा आणि पोटमाळ्याच्या डोक्यावर सरळ पत्रा. माझं शिलाई मशीन पोटमाळ्यावर, कारण ते खाली ठेवलं असतं तर माणसांनी बसायचं कुठे? शाळेचे गणवेश शिवायचे दिवस म्हणजे एप्रिल आणि मे, आणि पत्रा तापायचेही नेमके तेच दिवस. दुपारी बारानंतर कात्री हातात घेतली तर चटका बसायचा. मानेवर ओलं फडकं, पायाखाली ओलं फडकं, अशा थाटात मी शर्टांना बाह्या लावत बसायची.

पण मी तरुण होते, माझं निभायचं. खरे हाल सासऱ्यांचे. ते गिरणीत कापडाच्या घडी खात्यात होते. गिरणी बंद पडल्यावर बरीच वर्षं एका सोसायटीत वॉचमन होते, मग गुडघे कुरकुरायला लागले म्हणून घरी बसले. रोज सकाळी अकरा वाजता ते पांढरा शर्ट घालायचे, खिशात पासबुक ठेवायचे आणि टेकडी उतरून स्टेशनजवळच्या बँकेत जायचे. मला वाटायचं, तिथे त्यांचं कोणी मित्रमंडळ असेल.

एक दिवस समोरच्या घरातली माझी मैत्रीण संध्याकाळी दारात आली आणि हळूच म्हणाली, "अगं, तुझे सासरे बँकेत एसीत बसायला जातात, माहितीये ना तुला?"

मला माहीत नव्हतं. बँकेच्या शेजारीच ती कामाला होती, बॅनर छापायच्या दुकानात. तिनेच पुढे सांगितलं. त्या दिवशी बँकेचा गार्ड सासऱ्यांना म्हणाला, "काका, काम असेल तरच बसा." सासरे उठले, पासबुक छापायच्या मशीनपुढे उभे राहिले, काहीच नवीन नसलेलं पासबुक त्यात घालून काढलं आणि निघून गेले.

घरी आल्यावर ते मला एवढंच म्हणाले होते, "आज बँकेत गर्दी होती गो."

मी त्यांना कोकम सरबत दिलं, दुसरं काय करणार? पण ते मला आतून लागलं. पंखा गरम वारा फेकत होता आणि एवढा मोठा माणूस सावलीसाठी दुसऱ्याच्या दारात जाऊन उठवला गेला होता.

या मैत्रिणीबद्दल सांगायला हवं. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आलो. तिचं माहेर बुलढाण्याकडचं, माझं कुडाळकडचं. तिच्या घरी बुद्धवंदना, माझ्या घरी गणपती, आणि दोन्ही घरांची डाळ-साखर एकमेकींच्या डब्यांत. दुकानात ती कॉम्प्युटरवर वाढदिवसाचे, अभिनंदनाचे, श्रद्धांजलीचे बॅनर तयार करायची. चुकलेले बॅनर घरी आणायची. पावसाळ्यात पत्र्यावर टाकायला ते सगळ्यांनाच हवे असत.

गार्डच्या त्या प्रसंगानंतरच्या रविवारी तिने कुरडया घातल्या. आमची छपरं एकमेकांना जवळजवळ चिकटलेली. ती शिडीवरून वर गेली, पत्र्यावर दोन बॅनर अंथरले. एक सुलटा, गडद निळा, त्यावर कोणाचा तरी हसरा चेहरा. दुसरा उलटा, म्हणजे पांढरी पाठ वर. मी खालून चीक देत होते. तेवढ्यात वरून किंकाळी आली, "आई गं!"

पाहते तर ती निळ्यावरून उडी मारून पांढऱ्यावर गेलेली. तिथे उभी राहिली. मग मुद्दाम परत निळ्यावर पाय टेकवला, परत उचलला. मला वाटलं हिला ऊन लागलं.

"खाली ये बघू," मी म्हटलं.

"तूच वर ये. चप्पल काढून ये."

मी गेले. निळ्यावर पाय ठरत नव्हता आणि पांढऱ्यावर आरामात उभं राहता येत होतं. एकच ऊन, एकच पत्रा. आम्ही दोघी त्या भर दुपारी कुरडया सोडून इकडून तिकडे उड्या मारत होतो आणि समोरच्या खिडकीतली माणसं आमच्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या छपरावर पांढरी बाजू वर करून बॅनर टाकले. थोडा फरक पडला, पण थोडाच. तेव्हा ती म्हणाली, "गोधडी थंडीत अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. मग उन्हातली आत कशाला येऊ देईल? शिव की पत्र्याला गोधडी."

मी हसले, पण रात्रीपर्यंत डोक्यात तेच. माझ्याकडे गणवेशाच्या कात्रणांची पोती भरलेली होती. दोन बॅनर घेतले, मध्ये कात्रणं पसरली, मशीनला सगळ्यात जाड सुई लावली आणि नायलॉनच्या दोऱ्याने टिपा मारल्या. तीन सुया मोडल्या. नवरा म्हणाला, "गणवेश राहिले बाजूला, आता पत्र्याला कपडे शिवतेस?" पण छपरावर गोधडी चढवायला तोच आला.

उपयोग होतो की नाही हे कळणार कसं? थर्मामीटर होता तो तापाचा. मैत्रिणीनेच युक्ती काढली. तिच्या पोटमाळ्यावर वंदनेच्या फळीवरची मेणबत्ती दर उन्हाळ्यात दुपारी मान टाकायची. तिने एकाच पुड्यातल्या दोन मेणबत्त्या घेतल्या, एक तिच्या पत्र्याखाली उभी केली आणि एक माझ्या. तीन वाजता पाहिलं. तिची मेणबत्ती नमस्कार करत होती आणि माझी सरळ उभी.

"झकास!" ती एवढ्या जोरात ओरडली की सासरे दचकून जागे झाले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ते पोटमाळ्यावर झोपले होते. भर दुपारी, पत्र्याखाली.

"बरा वाटता आज," ते म्हणाले आणि कूस बदलून पुन्हा झोपले.

मग काय, गल्लीत बातमी फिरली. आधी शेजारची, मग वरच्या आळीतली, अशा सात-आठ गोधड्या आम्ही शिवल्या. मैत्रीण दुकानातून सुटली की माप घ्यायला जायची, मी शिवायची. आणि मग लागोपाठ दोनदा आमची वाट लागली.

पहिल्यांदा वारा. मे महिन्यातल्या एका सोसाट्यात वरच्या आळीतली गोधडी दोऱ्या तोडून उडाली आणि खाली नाक्यावरच्या पक्षाच्या कार्यालयाच्या दारात पडली. पडली ती उलटी, म्हणजे बॅनरची छापलेली बाजू वर. त्यावर त्याच पक्षाच्या नेत्याचा फोटो आणि फोटोच्या बरोबर नाकावरून माझी टीप गेलेली. तासाभरात एक कार्यकर्ता गोधडी खांद्यावर घेऊन आमच्या दारात उभा.

"आमच्या साहेबांना तुम्ही पत्र्यावर पालथं घातलं?"

मी दाराआड सरकले. मैत्रीण मात्र शांत. म्हणाली, "दादा, साहेब गोरगरिबांच्या डोक्यावर सावली धरतात असं तुम्हीच भाषणात म्हणता ना? इथे ते खरंच धरतायत. वर येऊन बघा."

तो रागारागात वर चढला. पाच मिनिटं पोटमाळ्यावर उभा राहिला, सासऱ्यांशी बोलला, पत्र्याला आतून हात लावून पाहिला. उतरला तेव्हा म्हणाला, "आमच्या ऑफिसलाही पत्राच आहे हो." त्याच्यासाठी शिवली. तेव्हापासून कोणाचाही वाढदिवस झाला की उतरवलेले बॅनर तो स्वतःच आमच्याकडे पाठवतो. फक्त साहेबांच्या चेहऱ्यावर टीप नको, एवढी एकच अट.

दुसऱ्यांदा पाणी. एका घरावरची टाकी भरून वाहिली आणि सुईच्या भोकांतून पाणी आत शिरलं. कात्रणांनी ते सगळं पिऊन घेतलं. गोधडी म्हशीएवढी जड झाली आणि दोन दिवसांत असा वास सुटला की त्या घरातल्या बाईंनी मला रस्त्यात थांबवून सगळ्यांसमोर सुनावलं. बरोबरच होतं त्यांचं. मी घरी येऊन मशीनवर चादर टाकली. म्हटलं, गणवेश बरे आपले.

तेव्हा सासरे भिजलेली गोधडी मांडीवर घेऊन बसले. कडेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "गो सूनबाई, टीप वरसून कित्याक मारलंस? मुडप अशी घाल." त्यांनी कडेची घडी उलटी करून दाखवली. दुमड वरून खाली आली, सुईचं भोक घडीच्या पोटात लपलं. घडी खात्यात आयुष्य गेलेला माणूस तो! कापड कसं वळतं, पाणी कुठून उतरतं, हे त्यांच्या बोटांना माहीत होतं. गिरणी बंद झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. मीही नव्हतं.

आता कात्रणांऐवजी दुसरं काही हवं होतं. कुरियरच्या खोक्यांतून येणारा फुगे-फुग्यांचा प्लास्टिकचा कागद आम्ही टॉवरमधल्या सोसायट्यांतून गोळा करायला लागलो. हलका, पाणी न पिणारा. कडेला लोखंडी रिंगा आणि चारी बाजूंनी जाड दोरी. सासरे प्रत्येक गोधडीवर तांब्याने पाणी ओतून बघायचे. एक थेंब आत गेला तरी ती परत माझ्याकडे. मला ऑर्डर संपवायची घाई आणि यांचं तांब्या घेऊन सावकाश चाललेलं. भांडणं झाली आमची, पण तो वास पुन्हा आला नाही.

गोधडी घेतलेल्या एका बाईंनी आमचं नाव अंधेरीच्या एका कॉलेजात दिलं. हवामानबदलावर उपाय शोधणाऱ्या उद्योजकांची स्पर्धा होती. आम्ही स्वतःला उद्योजक म्हणत नव्हतो, पण गेलो. आमच्या आधीच्या मुलांनी समुद्रातला कचरा ओळखणारं यंत्र दाखवलं, कोणी शेवाळापासून पिशव्या केल्या होत्या. आम्ही कापडात गुंडाळलेली गोधडी घेऊन स्टेजवर. मैत्रीण छान बोलली. मग परीक्षकांपैकी एकांनी मला विचारलं, "हे तुम्ही स्केल कसं करणार?"

मी पिशवीतून माझी लाकडी पट्टी काढून त्यांना दाखवली.

सगळा हॉल हसला. मला आधी कळेना, मग मैत्रिणीने कानात सांगितलं, "अगं, वाढवणार कसं विचारतायत." मीही हसले आणि म्हटलं, "सर, शिवणाऱ्या बायका टेकडीवर भरपूर आहेत आणि वाढदिवस तर रोजच असतात." बक्षीस शेवाळाच्या पिशव्यांना मिळालं. मला त्या पिशव्या आवडल्याही.

पण तिथल्या एका प्राध्यापिका नंतर आमच्याजवळ आल्या आणि त्यांनी न कचरता सांगितलं, हा बॅनर उन्हात दोन-चार वर्षांत कडक होऊन चुरा होईल आणि तो चुरा नाल्यात जाईल. त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून नियम केला. जूनच्या आधी प्रत्येक गोधडी उतरवायची, पुसायची, तपासायची. जी तडकली ती परत आमच्याकडे, तिच्या जागी दुसरी. वरच्या बाजूला आता पांढरा रंग दिलेलं जाड कॅनव्हास लावून बघतोय, त्या प्राध्यापिकांच्याच सल्ल्याने. टिकेल की नाही ते अजून ठरायचंय. गेल्या उन्हाळ्यात दोन गोधड्यांचा रंग निघाला.

आता आम्ही सहा जणी आहोत. टेकडीच्या पायथ्याशी एक खोली भाड्याने घेतली आहे. मैत्रिणीने बॅनरचं दुकान सोडलं आणि ती मापं, ऑर्डरी, फोन सगळं बघते. आम्ही पृथ्वी वाचवतोय असं मला कधी वाटलं नाही. ऊन जेवढं वाढतंय तेवढं वाढतंयच. पण त्याच्याखाली माणसांना दुपारी डोळा लागावा, एवढं आमच्या हातात आहे.

मागच्या महिन्यात जोगेश्वरीला एका बालवाडीवर गोधडी बसवून आलो. आठवड्याने कशी आहे ते बघायला गेलो, तर बाई दारातच उभ्या, चेहरा त्रासलेला.

"काय झालं? गळतेय का?" मैत्रिणीने घाबरून विचारलं.

"गळत नाही हो. पण आधी पोरं गरमीने रडायची, म्हणून जागी असायची. आता अडीच वाजता सगळी झोपतात. मी शिकवू कोणाला?"

आम्ही आत डोकावलो. चटईवर वीस-बावीस पोरं आडवीतिडवी पडली होती, एकाची टांग दुसऱ्याच्या पोटावर. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि आम्हाला चहा प्यायला बाहेर पायरीवर बसवलं.