पोकळीतला टिळा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या आमच्या घरी इडलीचं पीठ वाटायच्या ग्राइंडरच्या झाकणाला टिळा लागत नाही, आतल्या दगडाला लागतो. राबतो तो दगड, मान त्याचा, असं आईचं म्हणणं. या शिस्तीत वाढलेला माणूस चेन्नईतल्या प्रयोगशाळेत पीएच.डी. करायला गेला की काय होतं, ते मी करून दाखवलं.

माझा प्रयोग सांगायला सोपा. वायूचा रेणू धातूवर आपटला की कधी कॅरमच्या स्ट्रायकरसारखा तसाच परततो. कधी क्षणभर चिकटतो, धातूची ऊब घेतो आणि मग सुटतो. ही ऊब किती घेतली जाते ते मोजायचं. त्यासाठी पोलादी डब्यातली सगळी हवा पंपाने काढायची आणि आत प्लॅटिनमची पट्टी ठेवायची, अगदी निर्मळ.

पूजेच्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या यंत्रांना बाहेरून चंदन-कुंकू लावलं. मी डबा उघडला. राबते ती पट्टी! हातमोजे घालून, शास्त्रशुद्ध पद्धतीने, पट्टीच्या कडेला ठसठशीत टिळा लावला.

विजयादशमीला पंप सुरू केला. दाबाचा काटा थोडा उतरला आणि अडून बसला. मी गळती शोधली, सगळे बोल्ट आवळले, खुर्चीवर बसलो, उठलो, काट्याला टिचकी मारली, पुन्हा बसलो. शुक्रवारी यंत्र माझ्या ज्युनिअरकडे जाणार होतं. तोवर आकडे मिळाले नाहीत तर पुढची पाळी थेट उन्हाळ्यात, आणि माझी फेलोशिप त्याआधीच संपणार.

"अण्णा, पाय हलवू नका. टेबल हलतंय," ज्युनिअर म्हणाली.

"मी कुठे हलवतोय?"

"मग भूकंप असेल."

गुरुवारी नाइलाजाने डबा उघडला. टिळा जागच्या जागी, कडा सुकून भेगाळलेल्या. पंप जितकी हवा ओढत होता तितकी वाफ माझी भक्ती सोडत होती. ज्युनिअरने वाकून पाहिलं. मी पाठ करून उभा राहिलो, पण तिचं हसू कानावर आलंच.

"आत? अण्णा, आत?"

पट्टी धुतली, तापवली, उरलीसुरली ओल जावी म्हणून डबा शेकायला लावला. शुक्रवार उजाडला तरी डबा गरमच, निवेपर्यंत मोजणी नाही. ती स्वतःची पट्टी फॉइलमध्ये गुंडाळून दारात हजर. मी एक दिवस मागितला. एवढ्या अजिजीने मी आयुष्यात काही मागितलं नव्हतं.

"देते. पण तुम्ही खोलीबाहेर थांबायचं. काट्यावर मी लक्ष ठेवते."

मग मी व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत, भिंतीला हात लावून परत. दाराच्या काचेतून ती दर वेळी अंगठा खाली दाखवी. चहा प्यायलो. दुपार कलल्यावर अंगठा वर झाला.

मी धावत दार ढकललं. तिने आतून कडी घातली होती.

"आकडे मीच घेते," ती काचेमागून ओरडली. "तुम्ही आणखी चार फेऱ्या मारा, अण्णा!"

मारल्या.